सामायिक संगणकावरील वाचनाधिकार आणि लेखनाधिकार

'वैयक्तिक संगणक' ही संज्ञा मराठीत रुळली तेव्हा भारतातील बहुतेक संगणक वैयक्तिक नव्हते. विद्यापीठाच्या विभागात एक, ग्रंथालयाच्या कोपऱ्यात एक, घरी बैठकीच्या खोलीत एक. आणि प्रत्येकासमोर आळीपाळीने बसणारी माणसे अनेक. यंत्र एकट्या माणसासाठी कल्पिलेले आणि वापर मात्र अनेकांचा, या विसंगतीतून उद्भवणारा प्रश्न गोपनीयतेचा आहे असे सर्वसाधारणपणे मानले जाते. एकाची फाइल दुसऱ्याने वाचू नये, एवढ्याच भाषेत तो मांडला जातो. प्रस्तुत लेखात तो काहीशा निराळ्या रीतीने मांडला आहे. सामायिक संगणकावर प्रवेश मर्यादित करणे म्हणजे केवळ वाचन रोखणे नव्हे. वाचन, लेखन आणि वाट असे तीन वेगवेगळे अधिकार तेथे वाटून द्यावयाचे असतात. आणि संशोधनाच्या व्यवहारात ज्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते तो लेखनाचा अधिकारच सर्वांत अधिक हानी करू शकतो. पाठचिकित्सेशी परिचय असलेल्या अभ्यासकाला हे विधान अपरिचित वाटू नये.

या प्रश्नाला भारतात दिले गेलेले एक लक्षणीय उत्तर बंगळूरच्या मल्लेश्वरमला लागून असलेल्या भारतीय विज्ञान संस्थेत आकाराला आले. १९९८ साली बंगळूर येथे माहिती तंत्रज्ञानावर एक आंतरराष्ट्रीय परिसंवाद झाला. त्यातील चर्चेतून, ज्यांना इंग्रजी येत नाही आणि कदाचित कोणतीच लिपी वाचता येत नाही अशांसाठी स्वस्त संगणक तयार करण्याची कल्पना पुढे आली. संस्थेच्या संगणकशास्त्र विभागातील विजय चंद्रू, स्वामी मनोहर, रमेश हरिहरन आणि व्ही. विनय या प्राध्यापकांनी आणि एन्कोर सॉफ्टवेअर या बंगळूरच्याच कंपनीतील विनय देशपांडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी एक न्यास स्थापन केला, आणि एप्रिल २००१ मध्ये 'सिम्प्युटर' लोकांसमोर आला. तळहातावर मावणारे, लिनक्सवर चालणारे, पडद्यावर लेखणी टेकवून वापरावयाचे आणि मजकूर भारतीय भाषांतून वाचून दाखवू शकणारे हे यंत्र होते. किंमत नऊ हजार रुपयांच्या आसपास ठेवण्याचा मानस होता. परंतु ज्या शेतकऱ्यासाठी ते घडवावयाचे त्याला नऊ हजारही परवडणारे नाहीत, हे घडविणाऱ्यांना पहिल्यापासून ठाऊक होते. म्हणून यंत्र गावाचे, शाळेचे किंवा एखाद्या दुकानदाराचे असावे आणि ते सर्वांनी भाड्याने अथवा आळीपाळीने वापरावे, अशी योजना होती.

मग प्रत्येकाची माहिती कोठे राहणार? सिम्प्युटरला स्मार्ट कार्डाची खाच दिली होती. प्रत्येकाजवळ स्वतःचे कार्ड असेल. ते खाचेत सरकवले की यंत्र त्याला ओळखेल, त्याची माहिती पुढे ठेवील, आणि कार्ड काढून घेतले की माहितीही त्याच्याबरोबर घरी जाईल, असा हा विचार होता. धर्मशाळेत उतरणाऱ्या वाटसरूने गाठोडे आपल्या उशाशी ठेवावे, धर्मशाळेच्या फडताळात नव्हे, तसा हा प्रकार. त्या खाचेत एक सामाजिक निरीक्षण दडलेले आहे. सामायिक यंत्रावर कुलूप लावण्यापेक्षा तेथे काही न ठेवणे अधिक सुरक्षित, हे ते निरीक्षण होय. सिम्प्युटर अपेक्षेच्या मानाने फारच थोडा खपला. २००४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या सहकार्याने 'अमिडा' या नावाने त्याची आवृत्ती बाजारात आली खरी, पण पुढील काही वर्षांत हातातल्या फोनने त्याची जागा घेतली. तथापि कार्डाच्या कल्पनेची मर्यादा विक्रीच्या आकड्यांत शोधू नये. कार्डावर फार थोडी माहिती मावत असे, ही एक गोष्ट. आणि कार्ड आत असेपर्यंत यंत्र ते वाचू शकते, म्हणजे अखेर यंत्रावर विश्वास ठेवावाच लागतो, ही दुसरी. आज पेन ड्राइव्हवर प्रबंध घेऊन हिंडणारा विद्यार्थी याच दोन अडचणींतून जातो, फक्त पहिली त्याला आता जाणवत नाही.

विश्वास कोणावर ठेवावयाचा, हा प्रश्न सामायिक संगणकाच्या जन्माइतकाच जुना आहे. १९६१ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांडो कॉर्बातो यांनी एकाच संगणकावर अनेकांनी एकाच वेळी काम करण्याची पद्धत प्रथम दाखविली. प्रत्येकाच्या फाइली वेगळ्या ठेवण्यासाठी तेथे परवलीचा शब्द आला. (पहारेकऱ्याने विचारावयाचा आणि आपल्या माणसाने सांगावयाचा खुणेचा शब्द, हा 'परवल'चा जुना अर्थ, मराठीने या नव्या गोष्टीसाठी नवा शब्द घडविला नाही, हे बरेच झाले.) १९६२ साली ॲलन शेर नावाच्या संशोधकाला त्याच्या वाट्याला आलेला वेळ अपुरा पडू लागला, तेव्हा त्याने परवलीच्या शब्दांची संपूर्ण फाइलच छापून मिळविली. ती फाइल यंत्रात होती, साध्या अक्षरांत होती, आणि छापण्याची विनंती करणाराला यंत्राने अडविले नाही. त्याच यंत्रणेतील दुसरी घटना अधिक बोधक आहे. दोन प्रशासक एकाच फोल्डरमध्ये एकाच वेळी काम करीत होते. एक जण वापरणाऱ्यांसाठी दैनिक सूचना लिहीत होता आणि दुसरा परवलीच्या शब्दांची फाइल दुरुस्त करीत होता. संपादनाचा कार्यक्रम दोघांच्याही कच्च्या मजकुराला एकच नाव देत असे. नावे जुळली, मजकुरांची अदलाबदल झाली, आणि त्यानंतर जो कोणी यंत्रावर आला त्याला सूचनेऐवजी सर्वांचे परवलीचे शब्द वाचावयास मिळाले. कॉर्बातो यांनी ही हकीकत ट्युरिंग पारितोषिकाच्या व्याख्यानात सांगितली आहे. तेथे कोणी चोरी केली नव्हती. दोन लेखकांना एकाच जागी लिहिण्याची मुभा होती, एवढेच घडले होते.

१९६९ नंतर अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी यूनिक्स ही प्रणाली घडविली. तिने या अनुभवांचे जे सार काढले तेच आजच्या लिनक्स आणि मॅक संगणकांवर, आणि पर्यायाने सिम्प्युटरवरही, आले. प्रत्येक फाइलला एक मालक असतो आणि ती एका गटाशी जोडलेली असते. मालक आणि गट सोडून उरलेले ते 'इतर'. आरंभी मालक आणि इतर असे दोनच वर्ग होते, गट मागाहून आला. या तीन वर्गांपैकी प्रत्येकाला तीन अधिकार देता येतात किंवा नाकारता येतात : वाचणे, लिहिणे आणि चालविणे. तीन गुणिले तीन असे नऊ होकार-नकार, एवढ्यावर ही सारी व्यवस्था उभी आहे. तिची संक्षिप्तता कौतुकास्पद आहे. पण फाइलपुरती सोपी वाटणारी ही तीन क्रियापदे फोल्डरला लागू होताच आपला अर्थ बदलतात, आणि बहुतेकांची फसगत तेथेच होते.

यूनिक्सच्या दृष्टीने फोल्डर ही पेटी नव्हे, नावांची यादी आहे. त्यामुळे फोल्डर 'वाचणे' म्हणजे आतील मजकूर वाचणे नव्हे, आत कोणकोणत्या नावांच्या फाइली आहेत ते पाहणे होय. फोल्डरमध्ये 'लिहिणे' म्हणजे त्या यादीत नाव घालणे, नाव बदलणे किंवा नाव खोडणे. आणि 'चालविणे' या तिसऱ्या क्रियापदाचा अर्थ येथे 'त्यातून पुढे जाणे' असा होतो. लेखाच्या आरंभी ज्याला 'वाट' म्हटले तो हाच अधिकार. एखाद्या फोल्डरवर वाचण्याचा अधिकार आहे पण वाटेचा नाही, तर नावे दिसतील आणि एकही फाइल उघडणार नाही. उलट वाटेचा अधिकार आहे आणि वाचण्याचा नाही, तर यादी दिसणार नाही. परंतु ज्याला फाइलचे नेमके नाव ठाऊक आहे तो थेट तिच्यापर्यंत पोहोचू शकेल. नाव जाणणे हाच येथे अधिकार ठरतो. मंत्र आणि दीक्षा यांच्या परंपरांचा अभ्यास करणाऱ्याला ही रचना ओळखीची वाटेल.

फाइल पुसून टाकण्याचा नियम मात्र बऱ्याच जणांना चमत्कारिक वाटतो. पुसणे म्हणजे यादीतून नाव काढणे. म्हणून त्यासाठी फाइलवरील नव्हे, फोल्डरवरील लेखनाचा अधिकार लागतो. समजा, बंगळूरमधील मराठीभाषक कुटुंबांत म्हटल्या जाणाऱ्या ओव्यांचे संकलन एखाद्या विभागात चालू आहे. ध्वनिमुद्रणाचे लिप्यंतर मुख्य संपादकाने एका फाइलमध्ये ठेवले आणि सहकाऱ्यांना ती फक्त वाचता यावी, बदलता येऊ नये, अशी तजवीज केली. ज्या फोल्डरमध्ये ती आहे त्यात मात्र सर्वांना लिहिण्याची मुभा दिली, कारण प्रत्येकाला आपली टिपणे तेथे ठेवावयाची आहेत. अशा स्थितीत कोणताही सहकारी लिप्यंतरातील एक काना बदलू शकत नाही. पण संपूर्ण फाइल पुसू शकतो, आणि त्याच नावाची आपली फाइल तिच्या जागी ठेवू शकतो. उघडणाऱ्याला नाव तेच दिसेल. एकेका ओळीला कडेकोट पहारा आणि ग्रंथच्या ग्रंथ बदलण्यास मोकळीक, असा हा प्रकार आहे. यावरील उपाय जुना आहे. फोल्डरवर एक विशेष खूण लावली की त्यातील फाइल तिच्या मालकाशिवाय, फोल्डरच्या मालकाशिवाय आणि मुख्य प्रशासकाशिवाय कोणाला पुसता वा हलविता येत नाही. ही खूण किती विभागांत लावली जाते, याची शंका घेण्यास जागा आहे.

या उदाहरणात वाचनाधिकार आणि लेखनाधिकार यांची जी फारकत दिसते ती मराठी ग्रंथपरंपरेला परकी नाही. किंबहुना तिच्यातील दोन मोठ्या घटनांतून या फारकतीचे दोन ध्रुव दिसतात. पहिली एकनाथांची. शके १५०६ म्हणजे १५८४ साली एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. पूर्वीपासून शुद्ध असलेला ग्रंथ पाठांतरांमुळे अबद्ध झाला, तो शोधून पुन्हा शुद्ध केला, अशी त्यांची भूमिका होती. या प्रतीच्या अखेरीस जोडलेल्या ओव्यांत त्यांनी बजावले आहे की, यात कोणी आपली ओवी घालील तर ते अमृताच्या ताटात नरोटी ठेवण्यासारखे होईल. ग्रंथ कोणी वाचावा यावर तेथे मर्यादा नाही; उलट तो सर्वांनी वाचावा हीच इच्छा आहे. मर्यादा आहे ती लेखनावर. नऊ होकार-नकारांच्या भाषेत सांगावयाचे तर वाचन सर्वांना आणि लेखन कोणालाच नाही. मात्र एकनाथांजवळ पहारेकरी नव्हता. ताटातील नरोटीची प्रतिमा हाच त्यांचा पहारा, आणि तो वाचकाच्या लाजेवर विसंबून होता. वर्डसारख्या कार्यक्रमात 'बदल करण्यासाठी' जो वेगळा परवलीचा शब्द घालता येतो तो याच जातीचा आहे. तो मजकुराला कुलूप लावीत नाही. फाइलची नक्कल दुसऱ्या नावाने करून हवे ते बदल करता येतात. ती विनंती आहे, संरक्षण नव्हे.

एकनाथांच्या प्रतीविषयी आणखी एक गोष्ट नोंदविली पाहिजे. लेखनाला बंदी घालणारा हा स्वतः शेवटचा लेखक होता. शोधनाच्या ओघात कोणते पाठ त्यांनी सोडले हे त्यांच्या प्रतीवरून कळत नाही, आणि म्हणूनच वि. का. राजवाडे यांनी एकनाथपूर्व म्हणून १९०९ साली छापलेल्या प्रतीभोवती एवढा वाद झाला. सामायिक संगणकावर संपादकाची हीच स्थिती असते. ज्याच्या हाती लेखनाधिकार, त्याच्या दुरुस्तीखाली आधीचा पाठ नाहीसा होतो. त्यामुळे मूळ लिप्यंतर, दुरुस्त प्रत आणि छपाईची प्रत यांचे फोल्डर वेगळे असावेत आणि पहिल्या फोल्डरवर संपादकालाही लेखनाचा अधिकार नसावा, हे सांगणे तांत्रिक कमी आणि पाठचिकित्सेचे अधिक आहे.

दुसरा ध्रुव महानुभावांचा. चक्रधरांच्या लीळा आणि पंथाचे तत्त्वज्ञान सांगणारे ग्रंथ चौदाव्या शतकापासून सांकेतिक लिप्यांत उतरविले गेले. सकळ लिपी, सुंदरी लिपी, अंकलिपी, शून्यलिपी अशी त्यांची नावे आहेत. त्यांतील सर्वांत प्रचलित सकळ लिपी रवळोबासांच्या नावाशी जोडली जाते. तिच्यात एका अक्षरासाठी ठरावीक दुसरे अक्षर योजलेले असते. पंथाचे रहस्य जपणे, पवित्र वचन भ्रष्ट होऊ न देणे, प्रतिकूल काळात ग्रंथ वाचविणे, अशी निरनिराळी कारणे अभ्यासकांनी दिली आहेत. कारण कोणतेही असो, युक्ती लक्षात घेण्यासारखी आहे. पोथी कोणाच्याही हाती पडली तरी चालेल, किल्ली नसेल तर ती वाचता येणार नाही. पहारेकरी दाराशी नाही, अक्षरांतच आहे. त्याची किंमतही मोठी होती. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, वि. ल. भावे आदींच्या प्रयत्नांनी या लिप्या उलगडेपर्यंत मराठी गद्याचा हा आरंभीचा ठेवा पंथाबाहेरच्या वाङ्मयेतिहासाला जवळजवळ अज्ञातच राहिला.

संगणकाच्या भाषेत पहिला मार्ग परवानगीचा आणि दुसरा कूटलेखनाचा. बहुसंख्य वापरणाऱ्यांना हे दोन्ही एकच वाटतात, आणि या गैरसमजातून पुढची बरीचशी हानी होते. परवानगीच्या मार्गात फाइल साध्या, वाचनीय अक्षरांत तबकडीवर पडलेली असते. तिच्याकडे जाणाऱ्या वाटेवर संगणकाची कार्यप्रणाली उभी असते आणि ती प्रत्येकाला अडवून ओळख विचारते. पहारेकरी जागा आहे तोवर सारे ठीक. परंतु कोणी यंत्र उघडून तबकडी बाहेर काढली आणि दुसऱ्या यंत्राला जोडली, किंवा तेच यंत्र पेन ड्राइव्हवरील निराळ्या कार्यप्रणालीने सुरू केले, तर जुना पहारेकरी झोपलेलाच राहतो आणि नव्याला जुने हुकूम ठाऊक नसतात. दुरुस्तीसाठी बाहेर गेलेल्या संगणकावरील सर्व परवानग्या या अर्थाने केवळ कागदावरच्या असतात. कूटलेखन केलेली तबकडी मात्र कोठेही नेली तरी निरर्थक चिन्हांचा ढीगच राहते.

शाप हा तिसरा मार्गही परंपरेत आहे, आणि त्याचे स्मरण मल्लेश्वरममध्ये तर व्हावेच. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी मल्लापूरच्या मल्लिकार्जुनाला, म्हणजे आजच्या काडु मल्लेश्वराला, मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दिल्याचा १६६९ चा शिलालेख या परिसराच्या इतिहासाचे एक महत्त्वाचे साधन आहे. दानलेख हा स्वभावतःच सर्वांनी वाचावा आणि कोणी बदलू नये असा मजकूर असतो. तो उघड्यावर असतो, राखणदार नसतो, आणि म्हणून दानलेखांच्या परंपरेत शेवटी दान मोडणाराला उद्देशून शापवचन येते. कोकणातील शिलाहारकालीन गधेगाळांत तर ते न वाचता येणाऱ्यालाही कळावे म्हणून चित्रच कोरलेले असते. सामायिक संगणकावर 'कृपया उघडू नये' असे नाव दिलेला फोल्डर हा या शापाचा क्षीण वंशज म्हणावा लागेल. फोल्डर 'लपविलेला' ठेवणे हेही त्याच कोटीतील. लपविण्याने यादीतील नाव डोळ्याआड होते. अधिकार कोणताच बदलत नाही, आणि लपविलेल्या फाइली दाखविण्याची सोय प्रत्येक प्रणालीत दोन-तीन टिचक्यांवर असते.

भारतीय कार्यालयांत आणि विद्यापीठांत ज्या प्रणालीवर प्रत्यक्षात काम झाले ती बहुधा विंडोज होती, आणि तिच्या इतिहासाने या गैरसमजाला खतपाणीच घातले. विंडोज ९५ आणि ९८ सुरू होताना नाव आणि परवलीचा शब्द विचारीत; पण ती चौकट रद्द केली तरी संगणक उघडत असे आणि तबकडीवरील सर्व फाइली सर्वांना दिसत. दार होते, भिंत नव्हती. १९९३ सालच्या विंडोज एनटीमध्ये भिंत आली. तेथे नऊ होकार-नकारांऐवजी प्रत्येक फाइलबरोबर एक संपूर्ण यादी ठेवता येते, आणि तिच्यात अमक्याला वाचन, तमक्याला वाचन व लेखन, तिसऱ्याला स्पष्ट मनाई असे नावानिशी लिहिता येते. ही व्यवस्था २००१ सालच्या विंडोज एक्सपीबरोबर घरोघरी आली. परंतु तिच्या 'होम' आवृत्तीत ही यादी पाहण्याची चौकट एरवी दिसतच नसे. संगणक विशेष सुरक्षित अवस्थेत सुरू केला तरच दिसे. त्या आवृत्तीत घरातील प्रत्येकाचे खातेही आपोआप प्रशासकाचे होई. सगळेच दप्तरदार असतील तर दप्तराला कुलूप असून उपयोग काय?

प्रशासक या पदाचा विचार येथे टाळता येत नाही. परवानग्यांची रचना कितीही बारकाईने केली तरी प्रशासक तिच्या बाहेर असतो. विंडोजमध्ये तो कोणत्याही फाइलची मालकी स्वतःकडे घेऊ शकतो, आणि यूनिक्समध्ये त्याला नऊ प्रश्न विचारलेच जात नाहीत. पुण्याच्या पेशवे दप्तराचा इतिहास ज्यांनी अभ्यासला आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगावयास नको. कागद मराठीत होते, बहुतांश मोडीत होते, मराठी संशोधक ते वाचू शकत होते. किल्ली मात्र सरकारकडे होती. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली निवडक कागदांचे खंड १९३० नंतर निघू लागेपर्यंत बहुतेक अभ्यासकांना ते दुरूनच पाहावे लागले. विभागातील सामायिक संगणकाचा प्रशासक बहुधा एखादा उत्साही शोधछात्र किंवा कंत्राटी तंत्रज्ञ असतो. त्याच्या हाती केवढी सत्ता दिली आहे याची कल्पना त्याला नसते आणि विभागप्रमुखांनाही नसते. १९७५ साली जेरोम सॉल्ट्झर आणि मायकेल श्रोडर यांनी या विषयावरील आपल्या पायाभूत निबंधात दोन तत्त्वे मांडली : प्रत्येकाला त्याच्या कामापुरताच अधिकार असावा, आणि काही सांगितले नसेल तेव्हा उत्तर 'नाही' हे असावे. दुसरे तत्त्व प्रत्यक्षात उतरण्यास किती वेळ लागला हे एका उदाहरणावरून दिसेल. भारतातील शिक्षणसंस्थांत बरीच वापरली जाणारी उबुंटू ही लिनक्सची आवृत्ती नव्या वापरणाऱ्याचे घर-फोल्डर इतर सर्वांना वाचता येईल असेच निर्माण करीत असे. ही रीत २०२१ साली बदलली. त्याआधीच्या यंत्रांवर ज्यांनी आपला प्रबंध 'आपल्या' फोल्डरमध्ये ठेवला, त्यांचा प्रबंध शेजारच्या खातेदारालाही खुला होता.

वाचन खुले आणि लेखन बंद, ही एकनाथी मांडणी राज्यव्यवहारातही यशस्वी होऊ शकते हे बंगळूरनेच दाखविले. सिम्प्युटर लोकांसमोर आला त्याच सुमारास कर्नाटक शासनाने 'भूमी' या योजनेखाली जमिनीच्या नोंदी संगणकावर आणल्या. महाराष्ट्रातील सातबाराशी जुळणारा पहाणीचा उतारा पंधरा रुपये देऊन तालुक्याच्या खिडकीवर कोणालाही मिळू लागला. नोंदीत फेरफार करणाऱ्या कर्मचाऱ्याला मात्र बोटाचा ठसा देऊनच यंत्रावर जावे लागे, म्हणजे कोणता बदल कोणी केला हे नाकारता येऊ नये. पूर्वी तलाठ्याच्या दप्तरात याच्या नेमके उलट होते. वाचावयास मिळणे दुर्घट, आणि लेखन एका माणसाच्या मर्जीवर.

वाङ्मयाच्या अभ्यासात सर्वत्र एकनाथी मांडणी चालणार नाही, हेही खरे. ओव्यांच्या संकलनाच्या वर दिलेल्या उदाहरणात लिप्यंतर सर्वांना वाचता यावे हे योग्यच. पण कोणत्या बाईने कोणती ओवी कोणाविषयी म्हटली, सासरच्या कोणत्या माणसाचे नाव घेतले, याची नोंद ज्या फाइलमध्ये आहे ती वेगळी गोष्ट आहे. त्या बाईने विश्वासाने सांगितले ते संकलकाला, विभागातील सहा खातेदारांना नव्हे. अशा नोंदीला परवानगी पुरत नाही. तिच्यासाठी महानुभावांचा मार्ग, कूटलेखनाचा, आवश्यक आहे, आणि ओव्यांशी तिला जोडणारी क्रमांकांची यादी त्याच यंत्रावर न ठेवणे इष्ट. भारतात माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने परवानगीवाचून दुसऱ्याच्या संगणकात शिरणे दंडनीय केले आहे. परंतु ज्याला विभागानेच खाते दिले आहे त्याने शेजारचा उघडा फोल्डर पाहिला, तर कायद्याची मदत घेण्याइतके स्पष्ट उल्लंघन दाखविणे अवघड जाते. त्या बाईच्या दृष्टीने नुकसान मात्र तेवढेच.

कूटलेखनाचा धोका महानुभाव पोथ्यांनी सांगून ठेवलाच आहे, तो किल्लीचा. सकळ लिपीत अक्षरास अक्षर बदललेले असल्याने, आणि पंथात किल्ली जिवंत असल्याने, ती पाच-सहा शतकांनंतरही उलगडली. आजच्या कूटलेखनाची किल्ली हरवली तर कितीही बुद्धिमान राजवाडे जन्माला आले तरी मजकूर परत मिळणार नाही. एखाद्या संशोधकाचे अकाली निधन झाले आणि परवलीचा शब्द त्याच्याबरोबर गेला, तर त्याची वीस वर्षांची टिपणे तबकडीवर असूनही नसल्यासारखी होतात. म्हणून किल्ली लिफाफ्यात बंद करून, मोहोर लावून, संगणकापासून दूर विभागाच्या कपाटात ठेवण्याची रीत हास्यास्पद मानू नये.

निधनापेक्षा नित्याची घटना म्हणजे विद्यार्थ्याचे विभाग सोडून जाणे. प्रबंध सादर होतो, खाते बंद केले जाते, फाइली मात्र राहतात. यूनिक्समध्ये मालकाचे नाव फाइलजवळ लिहिलेले नसते. लिहिलेला असतो फक्त एक क्रमांक, आणि नाव दुसऱ्या यादीतून शोधून दाखविले जाते. खाते पुसल्यावर नावाच्या जागी तो उघडा क्रमांक दिसू लागतो, आणि पुढे तोच क्रमांक एखाद्या नव्या विद्यार्थ्याला दिला गेला, तर जुन्याची सर्व टिपणे, लिप्यंतरे, अपुरी प्रकरणे नव्याच्या मालकीची होतात. कोणाचीही परवानगी न मोडता, आणि त्याने मागितलेली नसता. विंडोजमध्ये क्रमांक पुन्हा वापरला जात नाही. तेथे मालकाच्या जागी 'अज्ञात खाते' आणि आकड्यांची एक लांब माळ एवढेच उरते, आणि ती फाइल कोणाची होती हे सांगणारा कोणी विभागात राहिलेला नसतो. खाते बंद करण्यापूर्वी जाणाऱ्याच्या समक्ष फाइलींची यादी करावी, कोणत्या विभागाच्या, कोणत्या त्याच्या आणि कोणत्या सांगणाऱ्या बाईच्या हे ठरवावे, आणि त्याप्रमाणे मालकी बदलून द्यावी, यास फार तर एक दुपार लागते.